गावखडीची पुळण: आधी तिथी बघा, मग तारीख ठरवा

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड करत सागरी महामार्गाने निघालं आणि मुचकुंदी खाडीवरचा पूल ओलांडला की गावखडी. सुरूच्या बनापलीकडे लांबच लांब पुळण आहे. पण भरतीच्या वेळी पोचलात तर त्यातली बरीच पाण्याखाली असते आणि मग लोक 'तिथे काही नाही' म्हणून परततात. म्हणून सुट्टी टाकण्याआधी कालनिर्णय उघडा.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. कृष्ण पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा धरून चाला. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, त्यामुळे पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते सात पाणी ओसरलेलं सापडतं. शिवाय ते उधाणाचे दिवस, ओहोटीला पाणी एरवीपेक्षा खूप आत समुद्राकडे जातं. चालायला हेच दिवस उत्तम. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढउतार कमी. पण सूर्यास्ताला नेमकं पाणी वर.

पोहण्याचं गणित वेगळं. खाडीच्या मुखाजवळ उतरूच नका. ओहोटी लागली की मुचकुंदीचं पाणी तिथून समुद्राकडे ओढ घेतं, आणि उधाणाला ही ओढ सर्वात जास्त. मोकळ्या पुळणीवरही जिथे लाटा फुटत नाहीत असा शांत, गडद पट्टा दिसेल तो टाळा. पाणी तिथूनच आत परत जात असतं. सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडा. जीवरक्षक असतील असं गृहीत धरू नका. पाणी कमरेपर्यंत, बस्स.

खडकांवर कालवं असतात, अनवाणी गेलात तर तळवे कापले जातील. मागे पट्टा असलेल्या चपला घाला. गाडी वाळूत नेऊ नका. वरून घट्ट दिसणारी वाळू चाकाखाली खचते आणि भरती येईपर्यंत गाडी निघाली नाही तर पुढचं सांगायला नको. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं या किनाऱ्यांवर अंडी घालतात, तेव्हा रात्री विजेऱ्या मारत फिरू नका.

उरलेल्या वेळात पूर्णगड किल्ला बघा, तास पुरतो. तटावरून खाडीचं मुख आणि पलीकडचं सुरूचं बन एकदम दिसतं; पाण्याची ओढ कुठे आहे हे इथूनच आधी हेरून ठेवणं शहाणपणाचं. दक्षिणेला कशेळीचं कनकादित्य हे सूर्यमंदिर. रथसप्तमीला तिथे उत्सव असतो, त्या दिवशी निवांतपणाची अपेक्षा ठेवू नका.

पेट्रोल आणि रोख पैसे रत्नागिरीतच घ्या. घरगुती जेवण सकाळीच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या काळात ताटात ताजी सुरमई मागू नका.