स्वस्त टॅब घेताना आणि वापरताना या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीचा फोन आला. "दादा, टॅब गेला बघ. चार्जिंगला लावला तरी नुसता काळा पडदा." दहावीतल्या भाचीसाठी घेतलेला तेरा हजारांचा टॅब, दीड वर्षही झालं नव्हतं. दुरुस्तीच्या दुकानात मदरबोर्ड गेलाय म्हणून साडेचार हजार सांगितले होते. मी म्हटलं, मी येईपर्यंत पैसे देऊ नकोस.

टॅबला काहीही झालं नव्हतं. गणपतीत पाहुणे येणार म्हणून तो कपाटात गेला, मग सहामाही परीक्षा आली आणि तो दिवाळीपर्यंत तिथेच राहिला. स्विच ऑफ न करता ठेवलेला टॅब पडून राहिला तरी बॅटरी खात असतो. ती अगदी तळाला गेली की चार्जर लावल्यावरही बराच वेळ पडद्यावर काही उमटत नाही, आणि माणूस दोन-चार मिनिटांत बटणं दाबून दाबून हात टेकतो. मी त्याचा मूळ चार्जर भिंतीतल्या सॉकेटला लावला, तासभर हात लावू दिला नाही, मग पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण वीसेक सेकंद एकत्र दाबून धरलं. कंपनीचं नाव झळकलं. टॅब महिनाभर वापरायचा नसेल तर निम्म्या चार्जवर पूर्ण बंद करून ठेवा.

नात्यातले, शेजारचे असे बरेच टॅब माझ्याकडे येतात. दहा ते पंधरा हजारांच्या टॅबच्या मी बाजूने आहे. अभ्यास करणाऱ्या मुलासाठी आणि फोनवरची बारीक अक्षरं न दिसणाऱ्या आजीसाठी इतक्या पैशांत दुसरी चांगली वस्तू मिळत नाही. पण या किमतीत कंपनी कुठे ना कुठे काटकसर करतेच, आणि ती कुठे केली हे खोक्याच्या दर्शनी बाजूला छापलेलं नसतं.

५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त 'आकाश' टॅब देशासमोर आणला, तेव्हा आपण सगळ्यांनी किंमतच पाहिली होती. जेमतेम २५६ एमबी रॅम (चालू ॲप्ससाठीची तात्पुरती मेमरी) आणि बोट दाबून धरल्याशिवाय न ऐकणारा पडदा हातात आल्यावर कळला. आजचे टॅब त्याच्या कितीतरी पुढे आहेत, पण किंमत आधी आणि बाकीचं नंतर पाहायची सवय मात्र गेलेली नाही.

इंच पाहिले, पिक्सेल पाहिले नाहीत

मराठी वाचकाने ही चूक मुळीच करू नये. १०.१ इंचाच्या अनेक स्वस्त टॅबचा पडदा १२८० बाय ८०० पिक्सेलचा (चित्राच्या ठिपक्यांचा) असतो, म्हणजे दर इंचाला जेमतेम दीडशे पिक्सेल. इंग्रजी अक्षरं त्यावर निभावून जातात. आपल्या लिपीत मात्र रफार, अनुस्वार, 'ष्ट्य', 'द्ध' यांसारखी जोडाक्षरं तेवढ्याच जागेत बसवायची असतात. बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाठ्यपुस्तकाची पीडीएफ उतरवून पूर्ण पान पडद्यावर उघडलं की 'अर्थ' आणि 'अथ' यांतला फरक शोधावा लागतो. मुलं बोलत नाहीत, टॅब डोळ्यांजवळ आणतात, आणि आपल्याला वाटतं नंबर वाढला.

पाठ्यपुस्तकं वाचायची असतील तर ११ इंच आणि १९२० बाय १२०० हा माझा किमान आग्रह. रेडमी पॅड एसई याच मापाचा आहे, वजन ४७८ ग्रॅम. गॅलक्सी टॅब ए९ हा ८.७ इंचांचा, १३४० बाय ८०० पिक्सेलचा आणि ३३२ ग्रॅमचा. बातम्या, व्हिडिओ कॉल, प्रवास यासाठी तो हातात सुखद वाटतो, आजोबा तो झोपूनही धरू शकतात. पण त्यावर विज्ञानाच्या पुस्तकातली आकृती पाहताना पान सतत सरकवावं लागतं. दुकानात गेलात तर व्हिडिओ लावून बघत बसू नका, एक मराठी पीडीएफ उघडा.

"हँग होतो" म्हणून रॅमला दोष

बहुतेक वेळा दोष स्टोरेजचा असतो. ६४ जीबीच्या टॅबमध्ये यंत्रणा आणि आधीपासून भरलेली ॲप्स मोठा वाटा खाऊन बसलेली असतात. त्यात क्लासचे उतरवलेले व्हिडिओ आले की जागा संपते. या मेमरीत नवीन काही लिहायचं तर मोकळा भाग हाताशी लागतो. तो उरला नाही की आधी जुनं हलवा, पुसा आणि मग लिहा, असा उद्योग सुरू होतो. स्वस्त टॅबमध्ये बहुधा ईएमएमसी प्रकारची मेमरी असते. तिला वाचणं आणि लिहिणं एकाच वेळी जमत नाही, महागड्या टॅबमधल्या यूएफएस मेमरीला जमतं. म्हणून एखादं ॲप मागे अपडेट होत असलं की पुढे कीबोर्डसुद्धा उमटायला वेळ लावतो.

आठ-दहा जीबी जागा कायम मोकळी ठेवा. व्हिडिओ आणि पीडीएफ मेमरी कार्डवर टाका. ॲप्स मात्र बहुतेक टॅबमध्ये कार्डवर जात नाहीत, त्यामुळे '१ टीबीपर्यंत वाढवता येते' या ओळीवर विसंबून ३२ जीबीचा टॅब घेऊ नका. जाहिरातीतल्या '४ + ४ जीबी रॅम'मधली दुसरी चार जीबी याच मंद स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते. सेटिंगमध्ये ती बंद करून टॅब दोन दिवस वापरून पाहा, मी पाहिलेल्या तीन टॅबना त्याने फरक पडला. एवढं करूनही अडकत असेल तर टॅब सेफ मोडमध्ये, म्हणजे तुम्ही टाकलेली ॲप्स बंद ठेवून, सुरू करा. तिथे नीट चालला, तर तुम्ही टाकलेलं एखादं ॲपच त्रास देतंय. शेवटी टाकलेल्यापासून काढायला सुरुवात करा.

चार्जरची गल्लत

"रात्रभर लावावा लागतो, बॅटरी गेली वाटतं" ही तक्रार नेहमीची. साधा हिशोब करा. ८००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण ३१ वॉट-अवर, आणि चार्जर १० वॉटचा. वाया जाणारी ऊर्जा धरली तर चार तास लागणारच. फोनचा ६७ वॉटचा चार्जर लावून उपयोग नाही, टॅब त्याला झेपेल तेवढंच घेतो.

याहून गोंधळात टाकणारा प्रकार म्हणजे नव्या चार्जरला दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावली की टॅब चार्जच होत नाही. असे चार्जर समोरच्या उपकरणात एक छोटा रेझिस्टर आहे का हे तपासूनच वीज सोडतात. अगदी स्वस्त टॅबमध्ये तो बसवलेलाच नसतो. चार्जरकडे जुनं चौकोनी यूएसबी तोंड असलेली केबल वापरा, काम होतं. पिन सैल वाटत असेल तर टॅब बंद करून लाकडी टूथपिकने पोर्टमधला कचरा अलगद काढा, सुई घालू नका. चार्जिंगवर असताना पडदा आपोआप टच होत असेल, तर डिस्प्ले बदलायच्या आधी चार्जर काढून पाहा. निकृष्ट चार्जरमुळे असं फार होतं.

आणि कडेने पडदा उचललेला दिसला, तर तो दाबून बसवू नका. बॅटरी फुगलेली असते. चार्जिंग थांबवा, टॅब बंद करा आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठा. मुलांच्या हातात तो एक मिनिटही देऊ नका.

रिसेट मारला आणि टॅब कुलूपबंद झाला

यात मी सर्वाधिक लोकांना हळहळताना पाहिलंय. दुकानदार घाईत स्वतःच एक गुगल खातं काढून देतो, पासवर्ड कुणी लिहून घेत नाही. वर्षभराने मूल पडद्याचा पॅटर्न विसरतं, कुणीतरी बटणं दाबून फॅक्टरी रिसेट मारतं, म्हणजे सगळं पुसून टॅब नव्यासारखा करतं, आणि टॅब पूर्वीचंच खातं मागतो. चोरी रोखण्यासाठी ही सोय अँड्रॉइड ५.१ पासून आहे. बिल आणि खोकं घेऊन सर्व्हिस सेंटरला जाणं हाच तेव्हा सरळ मार्ग. पहिल्या दिवशीच आई किंवा वडिलांच्या देखरेखीखाली मुलाचं खातं गुगलच्या फॅमिली लिंक ॲपने काढा आणि पासवर्ड घरातल्या वहीत लिहा.

जुना टॅब विकत घेताना विकणाऱ्याला तुमच्यासमोर सेटिंगमधून खातं काढायला लावा, मगच रिसेट. सिमचा टॅब असेल तर *#०६# दाबून किंवा सेटिंगमधून आयएमईआय (उपकरणाचा ओळख क्रमांक) मिळवा आणि केवायएम (KYM), मधे जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. टॅब काळ्या यादीत असेल तर कळतं. मेसेजमध्ये केवायएम इंग्रजी अक्षरांत लिहायचं.

सिमचा विषय निघालाच आहे तर, फक्त वायफायच्या बऱ्याच टॅबमध्ये जीपीएस नसतं, गाडीत नकाशासाठी घेणार असाल तर आधी विचारा. सिम लागतं म्हणजे फोन लागतोच असंही नाही, काही टॅबवर फक्त डेटा चालतो. घरी वायफाय असेल तर सिमचे जादा पैसे मी देणार नाही.

अनोळखी नावाचा पाच हजारांचा टॅब

घेऊ नका. सेटिंगमध्ये दिसणारा अँड्रॉइडचा आकडा आणि स्टोरेज दोन्ही खोटे असू शकतात. घेतलाच असेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' खाली उपकरण प्रमाणित आहे का ते पाहा. नसेल तर त्यावर बँकेचं ॲप टाकू नका. खोक्यावरचा आर-ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तपासता येतो. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

नामांकित कंपनीच्या टॅबवरही पैसे भरून पाहिलेला सिनेमा धुरकट दिसत असेल, तर नेटवर्कच्या मागे लागण्याआधी वाइडव्हाइनची (व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या गुगलच्या सोयीची) पातळी पाहा. सर्वांत खालची एल३ असेल तर मोठी ॲप्स ४८० पीच्या वर चित्र देतच नाहीत, पडदा कितीही चांगला असो. घेण्याआधी सर्वांत वरची एल१ आहे ना, एवढा एक प्रश्न विचारा.

प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्यांना एक सांगायचंय. महाज्योतीसारखी राज्य सरकारची संस्था एमएचटी-सीईटी, जेईई, नीटच्या प्रशिक्षणार्थींना टॅब देते, आणि गावात राहून व्याख्यानं ऐकायला त्याचा मोठा आधार होतो. पण सीईटी आणि जेईई मेन संगणकावर, माऊस हातात धरून द्यायच्या असतात. शेवटच्या दोन महिन्यांत काही सराव चाचण्या तरी संगणकावर द्या, नेट कॅफेत जावं लागलं तरी चालेल. भाचीला मी हेच सांगितलंय. अकरावीला गेली की शनिवारी ती माझ्या घरच्या संगणकावर बसणार आहे, आणि टॅब तेवढा वेळ चार्जिंगला.