जर्मन विद्यार्थी वसतिगृहात सांस्कृतिक संध्याकाळ कशी आयोजित करावी

जर्मनीतील विद्यार्थी वसतिगृहात एकाच मजल्यावर चार-पाच देशांचे विद्यार्थी राहत असतात, पण आठवडेच्या आठवडे त्यांची गाठ फक्त फ्रिजसमोर पडते. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात बी-१ या मधल्या पातळीपर्यंत जर्मन शिकून आलेल्या मराठी विद्यार्थ्याचे जर्मनही अशा ठिकाणी ‘हॅलो’पुढे सरकत नाही. म्हणून सांस्कृतिक संध्याकाळ ठरवताना आपल्या देशाचे प्रदर्शन मांडण्यापेक्षा, जमलेल्यांना एकमेकांशी जर्मनमध्ये बोलावेच लागेल अशी कामे आखणे हा मुख्य हेतू ठेवावा.

सर्वप्रथम जागेची परवानगी घ्यावी. बहुतेक वसतिगृहे श्टुडिरेंडेनवेर्क ही विद्यार्थी-कल्याण संस्था चालवते आणि त्यांपैकी अनेकांत एक सामायिक खोली असते. तिची किल्ली रहिवाशांच्या प्रतिनिधीकडे किंवा हाउसमाइस्टरकडे, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, मागावी लागते आणि पुष्कळदा त्यासाठी अनामत रक्कम ठेवावी लागते. इमारतीची नियमावली त्याच वेळी वाचून घ्यावी. रात्री १० नंतर शांतता पाळण्याचा नियम जवळपास सर्वत्र असतो आणि शेजारी तो मनावर घेतात. कार्यक्रम रहिवाशांपुरता न ठेवता सर्वांना खुला केला, तर वाजवल्या जाणाऱ्या संगीतासाठी गेमा या संगीताच्या स्वामित्वहक्कांचे शुल्क गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंदणी व शुल्क यांचा प्रश्न उभा राहतो, तेव्हा पहिल्या खेपेस तरी तो घरगुतीच ठेवलेला बरा.

दिवस निवडताना सत्राचे वेळापत्रक पाहावे. विद्यापीठांतील हिवाळी सत्राची व्याख्याने साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात, म्हणजे दिवाळी नेमकी अशा काळात येते जेव्हा नवे विद्यार्थी ओळखी शोधत असतात. गणेशोत्सव मात्र सुट्टीत येतो आणि तेव्हा वसतिगृह निम्मे रिकामे असते. शुक्रवारी अनेक जर्मन विद्यार्थी आपापल्या गावी जातात, त्यामुळे बुधवार किंवा गुरुवार सोयीचा. रविवारीच करायचे असल्यास सामान शनिवारी आणून ठेवावे, कारण रविवारी दुकाने बंद असतात.

आमंत्रण जर्मनमध्ये, सोप्या वाक्यांत लिहून लिफ्टजवळ आणि स्वयंपाकघराच्या दारावर लावावे. विद्यापीठात व्याख्यान पंधरा मिनिटे उशिरा सुरू करण्याची जुनी प्रथा आहे, पण ती सवलत येथे गृहीत धरू नये. सात म्हणजे सातच, असे समजूनच पाहुणे येतात.

आता मुख्य भाग. वीस पदार्थांची मेजवानी मांडली की मराठी मंडळी वाढण्यात गुंततात, पाहुणे ताटल्या घेऊन भिंतीशी उभे राहतात आणि तासाभरात सगळे पांगतात. त्याऐवजी एकच पदार्थ सर्वांनी मिळून करावा. दिवाळीसाठी करंजीइतका योग्य पदार्थ दुसरा नाही, कारण आपल्याकडेही शेजारणी एकत्र बसून गप्पांच्या ओघातच करंज्या करत आल्या आहेत. रवा, पिठीसाखर, सुके खोबरे आणि खसखस तेथील दुकानांत मिळते, आणि खसखस तर जर्मन बेकरीत इतकी वापरली जाते की सारणाची ओळख करून द्यायला तेवढा धागा पुरतो. कणीक आधी भिजवून ठेवावी आणि सारणही आधीच तयार असावे. लाटणे, भरणे, कडा मुडपणे ही कामे मात्र टेबलावर वाटून द्यावीत. प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने वेगळ्या टेबलावर बसून ‘लाटा’, ‘थोडेसे भरा’, ‘कड दाबा’ एवढ्या सूचना जर्मनमध्ये द्याव्यात. चुकलेली विभक्ती कोणी धरून बसत नाही, पीठ हाताला चिकटलेले असताना तर मुळीच नाही.

करंज्या तेलात तळण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजाव्यात. चव थोडी कमी पडेल हे मान्य, परंतु तापलेल्या तेलाचा किंवा फोडणीचा धूर धूरसूचकापर्यंत पोहोचला की घंटा वाजते, आणि त्या घंटेला अग्निशमन दल जोडलेले असल्यास बंब दारात येतो व त्याचे बिलही येऊ शकते. टेबलावर घटकांची चिठ्ठी ठेवावी. युरोपीय संघाच्या नियमांतील १४ प्रमुख ॲलर्जीकारक घटकांत गहू, दूध, शेंगदाणे, तीळ आणि मोहरीही येते, म्हणजे आपले जवळजवळ अर्धे स्वयंपाकघर! तुपाऐवजी तेलाचे मोहन घातलेला एक घाणा निराळा करावा, कारण दूध-तूप वर्ज्य असलेले कोणी ना कोणी असतेच.

करंज्या भाजल्या जात असताना भाषणे किंवा चित्रफिती टाळाव्यात. प्रत्येकाने आपल्या घरच्या एखाद्या सणाची एक गोष्ट दोन मिनिटांत जर्मनमध्ये सांगावी, आणि शक्यतो एखाद्या जर्मन विद्यार्थ्यापासून सुरुवात करावी, म्हणजे ६ डिसेंबरच्या निकोलाउस या संताच्या सणाच्या आदल्या रात्री बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवण्याची प्रथाही ऐकायला मिळते. छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारावे.

साडेनऊला आवरायला घ्यावे. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकावा, खरेदीच्या वेळी अनामत घेतलेल्या रिकाम्या बाटल्या एका पेटीत गोळा करून दुकानातील यंत्रात परत कराव्यात आणि ते पैसे पुढच्या खेपेच्या पिठासाखरेला ठेवावेत. ती खेप कोणत्या देशाची, हे किल्ली परत करण्यापूर्वीच ठरवून नाव भिंतीवरच्या कागदावर लिहून घ्यावे.