परसात मॅग्नोलिया लावण्यापूर्वी: मृग-आर्द्रा नक्षत्रांसाठी सल्ला

निष्पर्ण फांद्यांवर मोठी गुलाबी फुले धरणारा पानझडी मॅग्नोलिया छायाचित्रात पाहिल्यावर तो आपल्याही परसात असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या गटातील सर्वपरिचित संकरित जात, सुलांजियाना, फ्रान्समध्ये तयार झाली आणि १८२६ मध्ये प्रथम फुलली; तिच्या कळ्यांना उमलण्यापूर्वी दीर्घ, कडक थंडीची विश्रांती लागते. बेळगावात जानेवारीतही रात्रीचे सरासरी तापमान १४ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, त्यामुळे येथे फूट अनियमित येते आणि फुले तुरळक मिळतात. हौस म्हणून एखादे झाड मोठ्या कुंडीत ठेवण्यास हरकत नाही, पण परसातील मोक्याची जागा त्याला देऊ नये.

ती जागा याच कुळातील सोनचाफ्याला द्यावी. तो सदाहरित असून त्याला कडाक्याच्या थंडीची गरज नाही. बियांपासून वाढवलेल्या रोपाला फुलण्यास आठ-दहा वर्षेही लागू शकतात, तर कलम दोन-तीन वर्षांत फुलते. म्हणून कलमच घ्यावे आणि त्याचा जोड मातीवर राहील अशा बेताने लावावे. जोडाखालून, म्हणजे खुंटावरून (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधलेले असते त्यावरून), येणारी फूट दिसताच काढून टाकावी, अन्यथा खुंटच वाढतो आणि कलम मागे पडते.

खड्डा दोन फूट लांब, रुंद व खोल घ्यावा आणि त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. खानापूर व बेळगावच्या पश्चिम भागातील तांबडी, किंचित आम्लधर्मी माती या झाडाला मानवते. तेथे पाऊस जास्त असल्याने पाणी उताराने निघून जाईल एवढीच दक्षता पुरेशी आहे. चिकोडी, अथणीकडील काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत मात्र दोन अडचणी एकदम येतात. मांसल मुळे साचलेल्या पाण्यात कुजतात, आणि लोह न मिळाल्याने कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. अशा ठिकाणी फूटभर उंच वरंब्यावर लागवड करावी, आणि पिवळेपणा दिसल्यास एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून संध्याकाळी फवारावे.

बुंध्याभोवती कुदळ चालवू नये, कारण मुळे वरच्या थरातच पसरतात व दुखावल्यास लवकर भरून येत नाहीत. तण हाताने उपटून पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. फांद्यांवर खवले कीड आढळल्यास, पाऊस उघडलेला असताना, लिटरमागे पाच मिलिलिटर निंबोळी तेल साबणाच्या थोड्या द्रावणासह फवारावे.