किती कापायचे ते नाही, किती ठेवायचे ते सांगा

‘भाऊ, थोडेसेच कापा’ म्हणून खुर्चीत बसलात की गेले केस. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या सलूनमध्ये गर्दी असते, हात सवयीनं चालतो, आणि कात्रीवाल्याचं ‘थोडं’ आपल्यापेक्षा बरंच मोठं असतं. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे २ इंच जादा गेले तर चार-पाच महिने बसा वाट बघत.

बायकांनी लांबी अंगावर दाखवावी: ‘ताई, केस इथपर्यंत राहू द्या’ म्हणून खांद्याला किंवा पाठीला हात लावायचा. ‘दोन बोटं’ म्हणायचं असेल तर बोटं केसांच्या टोकाला आडवी धरून दाखवा. नाहीतर समोरची बोटाची लांबी धरते, रुंदी नाही! ओले केस ताणले जातात आणि वाळल्यावर वर चढतात, कुरळे तर फारच. कुरळे असतील तर अर्धा-एक इंच हातचा राखूनच सांगा, किंवा कोरडेच कापायला लावा.

पुरुषांचा घात मशीन करते. २ नंबरच्या कंगव्यानं साधारण ६ मिलिमीटर केस राहतात, ४ नंबरनं १२-१३. आधी ४ नंबर लावायला सांगा, कमी नंतरही करता येतं.

पहिली बट कापली की थांबवून आरशात बघा. ओळखीचा माणूस, बोलावं कसं, हा संकोच आपल्याकडे भारी. पण तो रागावत नाही. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नवीन ठिकाणी जाऊच नका, आठवडाभर आधी उरका.