जिल्हा अ‍ॅथलेटिक्स संघटना कशी चालवायची: लहान देशांकडून घेतलेलं, काळ्या मातीत वापरलेलं

3 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये एकाच संध्याकाळी दोन सुवर्णपदकं अशा देशांना गेली, ज्यांच्या नावावर तोवर ऑलिंपिकचं एकही पदक नव्हतं. सेंट लुसियाची ज्युलियन अल्फ्रेड 100 मीटर 10.72 सेकंदांत धावली. डॉमिनिकाच्या थिया लाफाँडनं तिहेरी उडीत 15.02 मीटर गाठले. सेंट लुसियात माणसं पावणेदोन-एक लाख, डॉमिनिकात सत्तर हजारांच्या आसपास. आमच्याकडच्या हिंगोली जिल्ह्याला आपण लहान म्हणतो, तिथं 2011 च्या जनगणनेत 11 लाख 77 हजार माणसं होती.

मी एकतीस वर्षं शाळेत खेळाची बाई होते, त्यातली अठरा वर्षं जिल्हा संघटनेची सचिव. यंदा माझीच एक विद्यार्थिनी सचिव झाली. सासरहून मुद्दाम आली आणि म्हणाली, "बाई, सुरुवात कुठून करू?" तिला बोलले तेच इथं लिहिते आहे. आपल्या जिल्ह्याला एक लहान देश समजा आणि कामाला लागा. त्या देशांचे महासंघसुद्धा चार-पाच माणसांवरच चालतात. खेळाडूंची नोंद ठेवायची, दरवर्षी स्पर्धा घ्यायची, पंच तयार करायचे, संघ निवडायचा, निकाल वर पाठवायचा, ही त्यांची कामं तीच आपली.

आधी वही

टेबल-खुर्ची, बॅनर, लेटरहेड मागाहून येऊ द्या. पहिल्या दिवशी जाड पुठ्ठ्याची, पानांवर आकडे छापलेली वही आणा. प्रत्येक खेळाडूला एक पान. नाव, आईचं नाव, शाळा, जन्मतारीख आणि तिचा पुरावा ग्रामपंचायतीच्या दाखल्यावरून, तोही पहिल्याच वर्षी. लेकरू दहावीला पोचलं की तारखेला पाय फुटतात, हे मी पाहिलं आहे. खाली दर स्पर्धेचा निकाल, मैदान कसलं होतं, वेळ हातानं घेतली की यंत्रानं, ते लिहायचं.

आपल्या भागासाठी आणखी एक रकाना लागतो: "हंगामात कुठं". आमच्याकडं ऊसतोडीमुळे निम्म्या शाळा दिवाळीनंतर रिकाम्या होतात. आई-बापानं मुकादमाकडून उचल घेतलेली असते, टोळी निघते, आणि पोरगं-पोरगी गाडीत बसून उसाच्या फडावर जातात. माझी एक 800 मीटरची पोरगी होती. ऑगस्टमध्ये तालुक्यात पहिली आली, डिसेंबरमध्ये विभागीय स्पर्धेला नाव पुकारलं तेव्हा ती पश्चिम महाराष्ट्रात मोळ्या बांधत होती. मी तिच्या वडिलांना फोन लावला. ते म्हणाले, "बाई, कोयता घेतलाय, आता पट्टा पडल्याशिवाय, कारखान्याचा हंगाम संपल्याशिवाय कसं येऊ?" त्यांचं बरोबरच होतं. माझी चूक ही की ऑगस्टमध्येच मी त्यांच्या घरी जायला हवं होतं. हंगामी वसतिगृहात तिची सोय लावता आली असती. त्या दिवसापासून तो रकाना वहीत आला आणि दसऱ्याच्या आत मी अशा प्रत्येक घरी जाऊन येते.

म्हणून वर्षाचं वेळापत्रक कारखान्याच्या पट्ट्याशी आणि पावसाशी जुळवून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या मातीचं मैदान चपलेला किलोभर चिकटतं, तेव्हा मुरमाची जागाच धरा. जिल्हा निवड चाचणी दसऱ्याआधी उरका. आणि एप्रिलमध्ये, फडावरून घरं परतल्यावर, दुसरी चाचणी ठेवाच. पहिली चुकलेल्यांना तीच एक संधी असते.

मैदान आखणं

सिंथेटिक ट्रॅक नाही म्हणून रडत बसू नका. सेंट लुसियात 2009 मध्ये एका हॉस्पिटलला आग लागली आणि पेशंट स्टेडियममध्ये हलवावे लागले. ते स्टेडियम मग वर्षानुवर्षं हॉस्पिटलच राहिलं. त्याच देशातून अल्फ्रेड निघाली.

आपल्या शाळांच्या मैदानावर 400 मीटरचा ट्रॅक बसत नाही. 200 मीटरचा बसतो. आखणी अशी: धाव मोजली जाते ती आतल्या फक्कीच्या (चुन्याच्या भुकटीच्या) रेघेपासून 20 सेंटीमीटर बाहेरून. मोजणीची त्रिज्या 18 मीटर धरा, म्हणजे फक्कीची रेघ 17.80 वर येईल. दोन अर्धवर्तुळं मिळून 113.10 मीटर होतात. उरले 86.90, ते दोन सरळ बाजूंना वाटले की प्रत्येकी 43.45. मधला आयत आधी खुंट्या ठोकून घ्या, 35.60 बाय 43.45, आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही 56.17 आले तर कोपरे काटकोनात आहेत. कर्णांत फरक असेल तर फक्कीच्या पोत्याला हात लावू नका, खुंट्या हलवा.

लेन 1.22 मीटरची. वळणावर बाहेरच्या लेनला पुढं उभं करायचं अंतर एका पूर्ण फेरीला दर लेनमागे 7.67 मीटर. दोनदा पाय (π) गुणिले लेनची रुंदी, एवढाच हिशोब आहे, त्यामुळे ट्रॅक 200 चा असो की मोठा, फेरीचा आकडा बदलत नाही. हे कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मी आठवीच्या गणिताच्या तासाला जाऊन फळ्यावर मांडून दाखवलं. एवढं मात्र सांभाळा: सपाट, पक्क्या कडेच्या 400 मीटरच्या ट्रॅकवर पहिली लेन 30 सेंटीमीटरवरून मोजतात, म्हणून तिथं दुसऱ्या लेनला 7.04 येतो.

टेप स्टीलचाच घ्या. कापडी टेप ताणला की लांबतो आणि लांब उडीत पोराचे चार-पाच सेंटीमीटर खातो.

घड्याळं आणि माणसं

पहिल्या क्रमांकाला तीन घड्याळं लावा. दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी आली तर मधली. घड्याळ आवाजावर सोडायचं नाही. 100 मीटर यायला आवाजाला जवळपास 0.3 सेकंद लागतात. पिस्तुलाचा धूर किंवा लाकडी क्लॅपर मिटताना पाहून सोडायचं. हातानं घेतलेली वेळ वरच्या दशांशाला न्यायची: 11.32 आली तर 11.4 लिहायचं. पालक भांडतात, "बाई, 11.3 लिहा की." लिहायचं नाही. खोट्या वेळेच्या भरवशावर लेकरू राज्य स्पर्धेला जातं आणि पहिल्या फेरीतच मान खाली घालून बाहेर येतं.

पंच शोधताना सगळ्यांत जास्त वेळ द्या. जमैकाची लोकसंख्या साधारण 28 लाख, म्हणजे आपल्या बीड जिल्ह्याच्या जवळपास. त्यांच्या शाळांची स्पर्धा 1910 पासून चालते, तिला सगळे 'चॅम्प्स' म्हणतात. आणि 1980 मध्ये त्यांनी खेळाचे शिक्षक घडवायला जी. सी. फॉस्टर कॉलेज काढलं. शाळाशाळांत शिकलेला मार्गदर्शक पोचला, हे मला त्यांच्या वेगाचं सगळ्यांत मोठं कारण वाटतं. आपल्याला कॉलेज काढता येणार नाही. पण जूनमध्ये शाळा उघडण्याआधी दोन दिवस तालुक्यातले खेळाचे शिक्षक एकत्र बसवता येतात. एक दिवस नियम, एक दिवस मैदानावर. गणिताच्या, भूगोलाच्या बाईंनाही बोलवा. माझ्या सगळ्यांत चांगल्या उडी पंच मराठी शिकवायच्या. त्यांची नजर फळीवरून हलायची नाही.

पैसा

खर्चाचा क्रम सांगते. स्टीलचा टेप, चार घड्याळं, मग वयाप्रमाणे साहित्य. 18 वर्षांखालील मुलांचा गोळा 5 किलोचा, मुलींचा 3 किलोचा. भाला मुलांचा 700 ग्रॅम, मुलींचा 500. आमच्याकडं पहाटे रस्त्यावर जो तो पोलीस भरतीसाठी धावतो, आणि गावात एकच गोळा असतो, भरतीचा, 7.26 किलोचा. पंधरा वर्षांची पोरं तोच फेकतात आणि खांदा-मनगट दुखावून बसतात. पण त्या पहाटेच्या गर्दीकडे पाठ फिरवू नका. भरतीला मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर असतं. घड्याळ घेऊन महिन्यातून एकदा तिथं उभे राहा. मला माझे तीन चांगले मध्यम अंतराचे धावपटू तिथंच सापडले.

हार, शाल, नारळ, भली मोठी ट्रॉफी यांवर पैसा घालू नका. भुसार व्यापारी, कृषी सेवा केंद्र, डॉक्टर, सराफ यांच्याकडे वस्तू मागा: एकाकडे केळी, एकाकडे पाण्याचे जार, एकाकडे मुलींच्या जाण्या-येण्याचं एसटीचं भाडं. वस्तू मागितली की माणूस लवकर हो म्हणतो आणि हिशोबही सोपा राहतो. खात्यावर दोन सह्या, प्रत्येक रुपयाला पावती, वर्षाचं ऑडिट. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. हे लांबणीवर पडलं की पुढं दोन-दोन कार्यकारिणी उभ्या राहतात आणि कोर्टाच्या तारखांत लेकरांचे मोसम जातात.

खर्च परवडत नसेल तर शेजारच्या जिल्ह्यांबरोबर मिळून स्पर्धा घ्या. कॅरिबियनमधली बेटं 1972 पासून आपल्या कुमार खेळाडूंसाठी 'कॅरिफ्टा' स्पर्धा मिळून घेतात. परभणी, हिंगोली, नांदेड तर एकमेकांना एसटीनं जोडलेले आहेत.

प्रमाणपत्र

नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यामुळे आपल्या सहीला किंमत आहे. एकदा रात्री नऊला एक गृहस्थ घरी आले. "बाई, फक्त एक सही. मुलाचं आयुष्य उभं राहील." मी चहा दिला आणि नाही म्हणाले. त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी ते बोलले नाहीत. कुणाचं तरी खरं लेकरू त्या एका जागेसाठी पायाला फोड येईस्तोवर धावलेलं असतं, हे डोळ्यांपुढं ठेवलं की नाही म्हणणं जमतं.

दुसरी गोष्ट मला अजून झोपू देत नाही. एका मुलीनं खरंखुरं पदक मिळवलं होतं. आठ वर्षांनी पडताळणीला मूळ निकालपत्रक मागितलं आणि ते माझ्याकडे नव्हतं. पावसाळ्यात पत्र्याच्या खोलीत कागद भिजले होते. मी शपथपत्र केलं, खेटे घातले, पण तोवर तिची भरती निघून गेली. तेव्हापासून निकालपत्रकाच्या तीन प्रती: एक फायलीत, एक शाळेत, एक फोटो काढून ईमेलवर. तिन्ही प्रतींवर पंचांच्या सह्या त्याच दिवशी, मैदान सोडायच्या आत.

मुली, आणि जाणारे

मुलगी थांबते ती बहुतेक वेळा आईच्या काळजीमुळे. परत किती वाजता येणार, सोबत बाई कोण, संडास कुठं, हे तीन प्रश्न आईनं विचारायच्या आत तुम्ही सांगा. मैदानाजवळ कुलूप लावता येईल अशी एक खोली कपडे बदलायला मिळत नसेल तर ती जागाच बदला.

चांगलं लेकरू हातचं जाईल याची भीती धरू नका. अल्फ्रेड चौदाव्या वर्षी सरावासाठी जमैकाला गेली. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेला पायी जायचा. धावपटू म्हणून तो घडला तो सैन्यात, आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्यानं 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य घेतलं. क्रीडा प्रबोधिनी, सैन्य, मोठ्या शहरातला मार्गदर्शक, जिथं पुढची पायरी असेल तिथं स्वतः नेऊन सोडा. वहीतलं पान मात्र बंद करू नका. दिवाळीला गावी आलं की मैदानावर बोलवा, लहान पोरांबरोबर दोन फेऱ्या मारायला लावा.

नव्या सचिवबाईंना मी वही, टेप आणि किल्ल्या दिल्या आहेत. एप्रिलच्या चाचणीची तारीख दुसऱ्या रविवारची आहे. सकाळी साडेसहाला सुरू करा आणि फेकीचे प्रकार पहिल्यांदा घ्या, नऊनंतर लोखंडी गोळा हातात धरवत नाही.