बेस्टने कामावर जाताना इंधनाचा खर्च कसा वाचवावा

मे २०२१ मध्ये मुंबईत पेट्रोलने लिटरमागे १०० रुपयांचा टप्पा ओलांडला आणि रोज गाडीने कामावर जाणाऱ्या अनेक घरांचे महिन्याचे गणित बदलले. अशा घरांना बेस्टची बस मोठा आधार देऊ शकते, मात्र नेमकी किती बचत होईल याचा हिशेब आधी घरीच करावा.

कार्यालय ५ किलोमीटरवर आहे आणि मोटार शहराच्या गर्दीत लिटरला १० ते १२ किलोमीटर धावते असे धरले, तर जाऊन-येऊन जवळपास एक लिटर, म्हणजे रोज शंभराच्या आसपास रुपये खर्च होतात. ९ मे २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार पहिल्या ५ किलोमीटरला साध्या बसचे भाडे १० रुपये आणि वातानुकूलित बसचे १२ रुपये आहे, त्यामुळे तोच प्रवास २० किंवा २४ रुपयांत होतो. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरचे गणित मात्र वेगळे आहे. तिला या अंतरासाठी रोज साधारण २३ रुपयांचे पेट्रोल लागते, म्हणून स्कूटरवाल्यांनी केवळ इंधनाच्या बचतीसाठी बस धरू नये. पार्किंगचे पैसे, देखभाल आणि भर पावसात दुचाकी चालवण्याचा धोका हे सारे जमेस धरले, तरच त्यांना बस परवडते असे माझे मत आहे.

हा हिशेब बहुधा बिघडतो तो प्रवासाच्या दोन टोकांना. घरापासून थांब्यापर्यंत आणि उतरल्यावर कार्यालयापर्यंत रिक्षा केली, तर फेब्रुवारी २०२५ पासूनच्या किमान २६ रुपये भाड्याने एका दिशेलाच ५२ रुपये जातात आणि बसचे तिकीट त्यापुढे किरकोळ ठरते. माहीम-शीवच्या दक्षिणेला रिक्षा नाही आणि टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये आहे. म्हणून थांबा निवडताना बस कोणती आहे यापेक्षा आपल्याला किती चालावे लागेल ते आधी पाहावे. दहा-बारा मिनिटे चालण्याची तयारी ठेवली, तर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या रस्त्यावरचा एखादा अधिक सोयीचा मार्ग सापडतो.

मार्ग शोधताना मुंबईची रचना ध्यानात ठेवावी. लोकल मुख्यतः उत्तर-दक्षिण धावते, त्यामुळे मोटार काढण्याची वेळ अनेकदा पूर्व-पश्चिम प्रवासात किंवा स्थानकापासून दूर असलेल्या कार्यालयामुळे येते, आणि बसचा खरा उपयोग नेमका तिथेच आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी असलेल्यांनी कुर्ला किंवा वांद्रे स्थानकापर्यंत लोकलने यावे आणि पुढे ३१० क्रमांकाची बस धरावी. एकट्याने मोटार नेण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वस्त पडतो.

थांब्यावर ताटकळत राहणे हे बस सोडून देण्याचे सर्वांत मोठे कारण असते. ‘चलो’ ॲपवर बस कुठवर आली ते पाहता येते आणि तिकीटही काढता येते, त्यामुळे बस जवळ आल्याचे दिसल्यावरच घरातून निघावे. तरीही एकाच क्रमांकावर अवलंबून राहू नये. आपल्या दिशेने जाणारे दोन-तीन क्रमांक पाठ असले, तर जी बस आधी येईल तिच्यात चढता येते. ‘लिमिटेड’ बस प्रत्येक थांब्यावर थांबत नाही, म्हणून आपल्या थांब्यावर ती थांबते का, हे चढण्यापूर्वी विचारून घ्यावे.

मासिक पास लगेच काढू नये. आधी दोन आठवडे सुटी तिकिटे काढून खर्च लिहून ठेवावा, आणि सुट्ट्या व घरून काम करण्याचे दिवस वगळून पासच्या किमतीशी त्याची तुलना करावी. आठवड्यातून तीनच दिवस कार्यालयात जाणाऱ्यांना सुटी तिकिटेच स्वस्त पडण्याची शक्यता अधिक असते.

पावसाळ्यात हिंदमाता, किंग्ज सर्कल किंवा अंधेरी सबवे येथे पाणी तुंबले की बसचे मार्ग वळवले जातात. अशा दिवशी तास-दीड तास हाताशी ठेवून निघावे. रात्री उशिरा सुटणाऱ्यांनी परतीच्या मार्गावरील शेवटच्या बसची वेळ आधीच पाहून ठेवावी, आणि ती चुकण्याचा संभव असलेल्या दिवशी जवळच्या स्थानकापर्यंत एखाद्या सहकाऱ्याबरोबर रिक्षा वाटून घेण्याचे सकाळीच ठरवावे.