सोनार आजोबांच्या आठवणी कशा लिहून ठेवायच्या

आमचे आजोबा वसईचे, आयुष्यभर सोनारकाम केलं आणि सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, कधी चुकवली नाही. ते गेल्यावर मला चर्चमध्ये बोलायला सांगितलं तेव्हा काय लिहू सुचेना, म्हणून जे उपयोगी पडलं ते सांगते.

आधी फादरना भेटा. अंत्यविधीच्या मिस्सेत फादरच्या प्रवचनात गेलेल्या माणसाचं गुणगान करायचं नाही असा नियम आहे, घरचं कोणी बोलणार असेल तर कम्युनियन (पवित्र भाकर घेणं) झाल्यावरच्या प्रार्थनेनंतर, थोडक्यात. मोठं लिखाण माणूस गेल्यावर महिन्याने होणाऱ्या मिस्सेच्या दिवशी नाहीतर २ नोव्हेंबरला, कबरी सजवतो त्या दिवशी, घरात वाचा.

लिहिताना "फार प्रेमळ होते" ने सुरुवात नको, त्यांच्या पेटीपासून करा. फुंकणी, चिमटा, मूस, छोटा तराजू, एकेक वस्तू हातात घ्या आणि आजीला विचारा हे कशाला वापरायचे, ती बोलत सुटते, फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. आमच्याकडे पेटीत सोनं तोलायच्या लाल गुंजा निघाल्या आणि चिमट्याला रोझरीचा (जपमाळेचा) तुटलेला मणी दोऱ्याने बांधलेला, तो बघून मी खूप रडले.

मग गिऱ्हाइकांकडे जा. कोणाच्या लग्नाच्या अंगठ्या त्यांनी घडवल्या, फोटो घ्या, नाव टाकायच्या आधी परवानगी विचारा. पण त्यांच्या हिशेबाच्या वहीत कोणी काय गहाण ठेवलं होतं ते दिसलं तर आठवणींत अजिबात लिहू नका, आजोबांनी ते जन्मभर कोणाला सांगितलं नाही.

वह्या पावसाळ्याआधी स्कॅन करून घ्या, आमची एक भिजली.